घोळाणा : विस्तवावाचूनचा स्वयंपाक

मध्ययुगातील माणसे काय खात होती असे कोणी विचारले, तर आपल्या डोळ्यांपुढे बहुधा राजाचे ताट येते. ह्याला कारण आहे. राजाच्या ताटाविषयी लिहिणारे लोक होते. आपल्या सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याला लागले, म्हणजे मोटारीने दोन-अडीच तासांत बसवकल्याण येते. चालुक्यांची कल्याण राजधानी ती हीच. तेथील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘अन्नभोग’ ह्या प्रकरणात मांडे आहेत, वडे आहेत, आजच्या इडलीडोशांचे पूर्वज आहेत, मांसाचे आणि माशांचे नाना प्रकार आहेत. राजा स्वतःच लेखक असल्यावर पाकशाळेचे वर्णन तपशीलवार व्हावे, ह्यात नवल नाही.

त्याच बाराव्या शतकात सोन्नलिगेत, म्हणजे आपल्या ह्या सोलापुरात, सिद्धरामेश्वरांनी तळे खोदविले. त्या तळ्याच्या कामावर ज्यांनी माती उपसली, त्यांनी दुपारी भाकरीशी काय खाल्ले असेल? मानसोल्लासकाराला ते लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु अनुमान करणे फारसे अवघड नाही. रानात जे हिरवे उगवले असेल ते खुडावे, धुवावे, मिठाने चोळावे, असल्यास चार थेंब तेल घालावे आणि खावे. ह्या पदार्थाला चूल लागत नाही, भांडे लागलेच तर एक लागते, आणि वेळ तर घोंगडी अंथरायला लागतो तेवढाच. हा पदार्थ अद्याप जिवंत आहे. आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या मराठवाड्यात आणि खानदेशात त्याला घोळाणा म्हणतात. घोळून करावयाचा तो घोळाणा, असे त्याचे नावच सांगते.

हा घोळाणा मध्ययुगीन पद्धतीने कसा करावा, त्यातील प्रत्येक कृतीमागे कारण काय, आणि इतका साधा पदार्थ आज अडचणीत का आला आहे, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

इंग्लंडच्या राजाचा पाला

प्रथम थोडे दूर जाऊ. म्हणजे जवळचे अधिक स्पष्ट दिसेल. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड ह्याच्या मुख्य आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास पाककृतींचा एक संग्रह सिद्ध केला. ‘फॉर्म ऑफ क्युरी’ ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे आणि १७८० मध्ये सॅम्युएल पेग ह्यांनी तो छापून काढला. त्यात कच्च्या पाल्याची एक कृती आहे. आज आपण हॉटेलात ज्याला सॅलड म्हणतो, त्याची इंग्रजीतली ही सर्वांत जुन्या कृतींपैकी एक होय.

कृती चारपाच ओळींची आहे. तिच्यात चौदा वनस्पतींची नावे दिली आहेत. त्या धुवाव्यात, निवडाव्यात, हातानेच बारीक खुडाव्यात, कच्च्या तेलात नीट कालवाव्यात, वरून सिरका आणि मीठ घालावे, आणि वाढावे. एवढेच तिच्यात सांगितले आहे. प्रमाण कशाचेच दिलेले नाही. आपल्या आजीला कृती विचारली तर ती ‘अंदाजाने’ म्हणते. राजाचे आचारीही तसेच म्हणत होते, असे दिसते.

आता ती चौदा नावे पाहा. पार्स्ली, सेज, रोझमेरी, बोरेज, लीक आणि त्याची कोवळी रोपे, ही सहा आपल्याकडची नव्हेत. परंतु उरलेली आठ कोणती? कांदा, कांद्याची पात, लसणाची पात, पुदिना, बडीशेपेचा पाला, अहळीव, सताप आणि घोळ. ह्यांतले एकही नाव आपल्या घरात अनोळखी नाही. अहळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात. परंतु त्याच अहळिवाची कोवळी रोपे कच्ची खाल्ली, तर जिभेला मोहरीसारखी झणझणीत लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि शेवटचे नाव तर घोळ! रानात जमिनीलगत पसरणारी, मांसल पानांची, तांबूस देठांची ही घोळ आपण विनामूल्य उपटून फेकतो. आपल्याकडील तेलुगू बांधव तिला गंगवायिलि म्हणतात आणि डाळीत घालतात. लंडनच्या राजवाड्यातील ताटात आणि सोलापूरच्या बांधावर एकच वनस्पती असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सॅलड हा शब्ददेखील मुळात मिठाचा आहे. लॅटिन भाषेत मिठाला ‘साल’ म्हणतात. मीठ लावलेला पाला तो सॅलड. लवणावरून जसे आपले लोणचे झाले, तसेच हे. म्हणजे पदार्थाचे नाव पाल्यावरून पडले नाही, मिठावरून पडले. ह्यात एक मर्म आहे. पाला जनावरही खाते; त्याला मीठ लावले की तो माणसाचा स्वयंपाक होतो.

आपल्याकडील परंपरा

कच्चा पाला खाणे ही पाश्चात्त्यांची रीत आणि आपण सर्व काही शिजवून खाणारे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात अन्नाचे बारा वर्ग पाडले आहेत. त्यांत शाकवर्ग वेगळा आहे आणि हरितवर्ग वेगळा आहे. हरितवर्गात आले, मुळा, तुळस, कोथिंबीर, कांदा, लसूण अशी द्रव्ये येतात, म्हणजे बहुधा हिरवी, कच्ची, तोंडी लावण्याची. शाकवर्गातील जड आणि रूक्ष भाज्यांविषयी मात्र चरकाचे सांगणे निराळे आहे: त्या वाफवाव्या, पिळून पाणी काढावे आणि भरपूर स्नेह घालून खाव्या. म्हणजे कोणता पाला कच्चा आणि कोणता शिजवून, हा विवेक आपल्याकडे फार जुना आहे. तो विवेक हाच आजच्या विषयाचा गाभा आहे, हे पुढे दिसेल.

सोलापूर हे तर तीन भाषांचे गाव. येथे मराठी घरात मेथीची किंवा कोबीची पचडी होते, कन्नड घरातही मेथी, मुळा, कांद्याची पात ह्यांची पचडी होते, आणि तेलुगू घरात पचडी म्हटले तर वाटलेल्या चटणीसारखा पदार्थ पुढे येतो. तेलुगूत ‘पच्चि’ म्हणजे कच्चे. एकाच पेठेत एकच शब्द तीन घरांत तीन रूपे घेतो. परंतु कच्च्या हिरव्या पदार्थाशी असलेले त्याचे नाते त्यात दिसतेच.

मध्ययुगीन घोळाण्यात काय नव्हते

आज घरोघरी घोळाणा करतात तो असा: मेथी किंवा कांद्याची पात, तिच्यावर शेंगदाण्याचा कूट, तिखट किंवा हिरवी मिरची, मीठ आणि तेल. कोणी टोमॅटो घालतात. चवीला तो उत्तमच लागतो. परंतु मध्ययुगीन घोळाणा करावयाचा, तर ह्यांतील तीन जिन्नस बाजूला ठेवले पाहिजेत.

मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली. भुईमुगाचे मूळही दक्षिण अमेरिकेतच. आणि दख्खनच्या शेतांत त्याचा मोठा प्रसार तर गेल्या दीड-दोन शतकांतला. टोमॅटो त्याच खंडातला. शेंगाचटणी ही आज सोलापूरची ओळख आहे. परंतु सिद्धरामेश्वरांच्या काळात ह्या गावात शेंगाही नव्हत्या आणि मिरचीही नव्हती.

येथे एक शंका कोणाच्या मनात येईल. आपल्याच जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी १२५० ते १२९५ ह्या काळातले. मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा त्यांच्या नावावरील प्रसिद्ध अभंग सर्वांना पाठ आहे, आणि त्यात तर मिरचीचे नाव येते! ह्याचा उलगडा दोन प्रकारांनी होऊ शकतो. अभंग मुखोमुखी चालत आले. गाणाऱ्याने आपल्या मळ्यातील भाजी त्यात घालावी, हे स्वाभाविक आहे. किंवा तो शब्द मुळात मिऱ्याचा असावा. कारण मिरची हे नावच मुळी संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे ह्यावरून आलेले आहे. नवा तिखट पदार्थ आला, त्याला जुन्या तिखट पदार्थाचे नाव मिळाले. कसेही असो, तेराव्या शतकातील तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा, मोहरीचा आणि लसणाचा होता, एवढे निश्चित.

शेंगदाण्याच्या जागी काय? तीळ. आपल्या प्रदेशात तीळ, कारळे, जवस आणि करडई ही जुनी गळिताची धान्ये आहेत. संक्रांतीला तिळाचे महत्त्व आहे ते उगाच नव्हे. तेल करडईचे किंवा तिळाचे, घाण्यावरचे. आंबटपणासाठी लिंबू, चिंच, ताक आणि चैत्र-वैशाखात कैरी. हिवाळ्यात आणखी एक आंबट जिन्नस निसर्ग आपोआप देतो: हरभऱ्याची आंब. हरभऱ्याच्या पानांवर आम्लयुक्त लव असते. पहाटे दवाने ओल्या झालेल्या पिकावर स्वच्छ कापड फिरवून ते पिळून घेत, तीच आंब. हरभऱ्याचा कोवळा शेंडा घोळाण्यात घातला, तर दुसरे आंबट घालावे लागत नाही ते ह्यामुळेच.

पाला कोणता घ्यावा

घोळाण्याला चार प्रकारची पाने एकत्र आली म्हणजे तो रंगतो. एक कडू, एक तिखट, एक आंबट आणि एक सुगंधी.

कडूसाठी मेथी, किंवा शेतात आपोआप उगवणारी पाथरी. तिखटासाठी कांद्याची पात, लसणाची पात, कोवळा मुळा आणि त्याची आतली पाने, अहळिवाची रोपे. आंबटासाठी हरभऱ्याचा शेंडा किंवा घोळ. बारीक पानांची रानघोळ असते तिला आपल्याकडे चिघळ म्हणतात. सुगंधासाठी कोथिंबीर, पुदिना, बडीशेपेचा किंवा शेपूचा कोवळा पाला. ह्यांखेरीज करडईची अगदी कोवळी, काटे न धरलेली पाने मिळाली तर अवश्य घ्यावी. तिला स्वतःची अशी सौम्य चव आहे.

घोळीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती पहाटे खुडली तर अधिक आंबट लागते आणि सायंकाळी खुडली तर सौम्य लागते, विशेषतः जमीन कोरडी असताना. ह्याचे कारण तिच्या श्वासोच्छ्वासात आहे. पाण्याची टंचाई असली म्हणजे ही वनस्पती दिवसा आपल्या पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, म्हणजे उन्हात तिचे पाणी उडत नाही. रात्री गारव्यात ती छिद्रे उघडते, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवते. उजाडेपर्यंत पाने आम्लाने भरलेली असतात. दिवसभरात सूर्यप्रकाशात ते आम्ल खर्ची पडते. दुष्काळी मुलखात टिकून राहण्याची ही युक्ती आपल्या जिभेला चवीच्या रूपाने कळते.

काही पाने कच्ची घेऊ नयेत. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशात रुततात आणि खाज सुटते. अळू शिजवूनच खावा, तोही चिंच किंवा ताक घालून. तांदुळजा, चाकवत, अंबाडी ह्यांचीही जागा पातेल्यात आहे, घोळाण्यात नव्हे.

कृती आणि तिची कारणे

चार माणसांसाठी प्रमाण असे धरावे: मेथीची खुडलेली पाने दोन मुठी, कांद्याची पात कांद्यांसकट एक मूठ, कोथिंबीर एक मूठ, घोळीचे कोवळे शेंडे किंवा हरभऱ्याचा पाला एक मूठ, लसणाच्या दोन पाती, एक कोवळा मुळा, पुदिन्याची पाचसहा पाने. वरून घालण्यासाठी दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, सातआठ मिरे, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दीड मोठा चमचा करडईचे तेल, अर्धा लहान चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस; कैरीचे दिवस असतील तर दोन चमचे कैरीचा कीस.

पहिले काम निवडण्याचे. पिवळी पाने, जून देठ, दुसऱ्या झाडाची पाने बाजूला काढावी. मग मोठ्या भांड्यात पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हलवावा आणि वर उचलून घ्यावा. भांडे कलते करून पाणी ओतून देऊ नये. तसे केले तर तळाला बसलेली माती पुन्हा पाल्यावरच येते. पाणी बदलून असे तीन-चार वेळा, तळाला रेती दिसेनाशी होईपर्यंत करावे. एका पाण्यात मूठभर मीठ घातले, तर पानांआडचे किडे सुटून येतात.

दुसरे काम सुकवण्याचे, आणि हेच बहुतेक जण टाळतात. धुतलेला पाला स्वच्छ पंचात सैल बांधून झटकावा आणि सावलीत पसरावा. पानावर पाणी राहिले तर तेल त्याला धरत नाही, मसाला घसरून भांड्याच्या तळाशी जातो आणि घोळाणा पाणचट होतो.

तिसरे, पाने हाताने खुडावी. इंग्लंडच्या आचाऱ्यांनी हे स्पष्ट सांगितले आहे आणि आपल्या घरांतही मेथी खुडतात, चिरत नाहीत. विळीवर फार बारीक चिरले म्हणजे पेशी अधिक फुटतात, पाणी सुटते आणि मेथीचा कडवटपणा सर्वत्र पसरतो. कांद्याची पात आणि मुळा मात्र चिरावा लागतो. कांद्याचा उग्रपणा हा मूळ कांद्यात तयार नसतो. पेशी कापल्यावर आतील दोन द्रव्ये एकत्र येऊन तो निर्माण होतो. म्हणून पात आयत्या वेळी चिरावी.

चौथे, तीळ मंद आंचेवर भाजून घ्यावे आणि मिरे व आल्यासह खलबत्त्यात भरड कुटावे. पीठ करू नये. कोणाला मोहरीचा झणका हवा असेल, तर अर्धा चमचा मोहरी कुटून चमचाभर थंड पाण्यात दहा मिनिटे भिजू द्यावी आणि मगच तिला लिंबू दाखवावे. मोहरीचा तिखटपणाही पाणी लागल्यावर तयार होतो. आंबट आधी घातले तर ती क्रिया मध्येच अडते आणि मोहरी मिळमिळीत राहते.

पाचवे काम कालवण्याचे. परातीत पाला पसरावा, त्यावर तेल सोडावे आणि दोन्ही हातांनी खालचे वर, वरचे खाली असा हलक्या हाताने घोळावा. नंतर तिळाचा कूट घालावा. मीठ आणि आंबट अगदी शेवटी, पाने मांडली गेल्यावर. मीठ पेशीतले पाणी बाहेर ओढते. पाच मिनिटांत पाला मऊ पडतो आणि अर्ध्या तासात परातीत तळे साचते. लिंबाच्या आम्लाने हिरवा रंगही काही वेळाने मळकट होतो. तेलसुद्धा पानावरच्या मेणासारख्या थरातून हळूहळू आत शिरते आणि पान काळवंडते. म्हणून घोळाणा करून ठेवावयाचा नसतो; करावयाचा आणि खावयाचा. ज्यांना मेथी फार कडू लागते, त्यांनी मेथीपुरते मीठ आधी चोळावे, सुटलेले पाणी हलके पिळून टाकावे आणि मग पुढची कृती करावी.

सोबत ज्वारीची भाकरी हवी. गरम असो वा आपली सोलापुरी कडक असो. कडक भाकरीवर घोळाणा पसरून वर दुसऱ्या भाकरीचा चुरा घातला, तर दातांखाली कोरडे आणि ओले एकाच वेळी येते आणि दोन्हींची चव वाढते.

शरीराला त्याचा उपयोग

ज्वारीत लोह असते. परंतु तिच्यातील फायटेट नावाच्या द्रव्यामुळे त्यातले थोडेच अंगी लागते. त्याच घासाबरोबर कच्चा पाला आणि लिंबू पोटात गेले, तर त्यांतील क जीवनसत्त्व हे लोह शोषले जाण्यास मदत करते. क जीवनसत्त्व उष्णतेने बरेच नाहीसे होते. म्हणून येथे पाला कच्चा असण्याला अर्थ आहे. पाल्यातील कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. परंतु ते कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते. म्हणून तेलाला अर्थ आहे. चरकाने शाकाला स्नेह सांगितला, इंग्लंडच्या आचाऱ्याने कच्चे तेल सांगितले, आणि आपल्या मजूर बाईने तेलाची धार सोडली. तिघांनाही जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, परंतु तिघांचे हात एकाच ठिकाणी गेले.

ह्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. घोळीत ऑक्झलेट बरेच असते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती बेताने खावी. सताप गर्भवती स्त्रियांनी खाऊ नये. इंग्लंडच्या राजाच्या यादीत ती असली तरी आपण ती सोडून द्यावी, हेच बरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाला कोणत्या पाण्यावर वाढला, ह्याची चौकशी करावी. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेल्या पाल्यातून विषमज्वर आणि जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात. धुण्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अशा पाल्याची भाजी शिजवूनच खावी.

संकट कोठे आहे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इतका स्वस्त, इतका सोपा पदार्थ. मग तो मागे का पडत आहे? आळसाने, किंवा हॉटेलांमुळे, असे उत्तर पटकन दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही.

घोळाण्याची अर्धी सामग्री बाजारातून येत नव्हती. खुरपणीतून येत होती. ज्वारीच्या पिकात भांगलण करणाऱ्या बायका पाथरी, घोळ, चिघळ, तांदुळजा हे तण म्हणून काढत, आणि त्यातले खाण्याजोगे ओच्यात घालून घरी आणत. तण आणि भाजी ह्यांत फरक जमिनीला नव्हता; तो ह्या बायकांच्या डोळ्यांत होता. आज मजुरी महाग झाली आणि खुरप्याच्या जागी तणनाशक आले. ज्वारीसारख्या पिकात वापरले जाणारे टू-फोर-डी हे औषध रुंद पानांची झाडे मारते आणि गवतवर्गातील पीक राखते. खाण्याजोग्या जवळजवळ सर्व रानभाज्या रुंद पानांच्याच आहेत. औषध आपले काम चोख करते. आणि जो पाला मरण्यापूर्वी हिरवा दिसतो, तोही खाण्यास अयोग्य होतो.

पिकेही बदलली. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि जिल्ह्यात ऊस पसरला. त्याने अनेक घरे वर आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु करडईचे क्षेत्र आकसले आणि तिच्याबरोबर थंडीतील ती कोवळी पानेही दुर्मीळ झाली. बांधावर गाजरगवत आले. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज सर्वत्र आहे, आणि त्याची कोवळी पाने अजाण माणसाला भाजीसारखी दिसतात. ते अंगाला लागले तरी त्रास होतो. खाण्याचा तर प्रश्नच नाही.

पाला नाहीसा होणे हे एक नुकसान. त्याहून मोठे नुकसान पाला ओळखणारा डोळा नाहीसा होणे हे आहे. एक उदाहरण देतो. घोळीसारखी जमिनीलगत पसरणारी दुधीची एक जात असते. ती खाण्याची नाही. दोघींतला फरक सोपा आहे: देठ मोडला की दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून येत नाही. तेव्हा कोणी नियम करील की, चीक येतो तो पाला टाकावा. परंतु पाथरीचा देठ मोडला तरी पांढरा चीकच येतो, आणि पाथरी तर उत्तम भाजी! म्हणजे असा एकच नियम कागदावर लिहून देता येत नाही. हे ज्ञान पानाचा आकार, देठाचा रंग, मुळाचा वास, उगवण्याची जागा आणि ऋतू ह्या सर्वांचे मिळून असते. आणि ते जाणत्या माणसाबरोबर रानात वाकून चालल्यानेच येते. आईबरोबर मुलगी शेतात जाई तोवर ते आपोआप उतरत होते. एका पिढीने भांगलण सोडली की पुढच्या पिढीला ते कोणत्याही पुस्तकातून पुरतेपणी परत मिळवता येत नाही.

मानसोल्लास आठशे-नऊशे वर्षे टिकला, कारण तो लिहिला गेला, त्याच्या प्रती झाल्या, आणि विसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो छापला. राजाचे ताट कागदावर सुरक्षित आहे. मजुराची परात मात्र कागदावर नाही. ती आपल्या जिल्ह्यातील काही हजार वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे, आणि स्मरणाला आयुष्याची मर्यादा असते.

ह्यावर उपाय फार मोठा नाही. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे, महाविद्यालये आहेत, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांनी एका हंगामात एकेका गावातील जाणत्या बाईबरोबर शिवार फिरावे. प्रत्येक पाल्याचे मराठी, कन्नड आणि तेलुगू नाव, त्याचा नमुना, खाण्याची रीत आणि न खाण्याचे कारण लिहून ठेवावे. ज्यांच्या घरी थोडी शेती आहे त्यांनी विहिरीजवळचा एखादा गुंठा औषधाविना राखावा. घोळ पेरावीही लागत नाही. आणि आपण शहरवासीयांनी निदान एवढे करावे: मंडईत गेल्यावर जुडीवाल्या मोठ्या दुकानाच्या पलीकडे, खेड्यातून आलेल्या ज्या बाईच्या पोत्यावर दोनचार प्रकारचा निवडलेला रानपाला मांडलेला असतो, तिच्यापाशी थांबावे. मावशी, हा पाला कोणता, कोठे उगवतो, कच्चा खातात की शिजवून, असे विचारावे. ती सांगेल तेवढे घरी येऊन मुलांना सांगावे, आणि तिने दिलेला पाला तीन पाण्यांत धुऊन, पंचात झटकून परातीत घ्यावा. पुढची कृती आपणांस आता ठाऊक आहे.